टाकी धुऊ नका, थांबा

मुलीच्या वाढदिवसाला काचेची टाकी, रंगीत खडे आणि चार गोल्डफिश घरी आले. रविवारी पाणी आरशासारखे होते. बुधवारी त्यात कुणी चमचाभर दूध ओतावे तसे झाले. मग कुठल्याही घरात होते तेच आमच्याकडे झाले. मासे बादलीत काढले, टाकी रिकामी केली, खडे चोळचोळून धुतले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पांढरा केला आणि ताजे पाणी भरले. सगळे कसे लख्ख! शुक्रवारी पाणी पुन्हा दुधाळ झाले आणि रविवारपर्यंत चारातले दोन मासे गेले. त्यांना दुधाळ पाण्याने मारले नव्हते, आमच्या स्वच्छतेने मारले होते.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजते त्यातूनही अमोनियाच तयार होतो. नदी-तलावात तो विरून जातो, टाकीत मात्र साचतो. तिथे माशाला वाचवतात दोन प्रकारचे जिवाणू. एक अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा त्या नायट्राइटचे बऱ्याच कमी विषारी नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९०च्या सुमारास हे जिवाणू ओळखले. ते पाण्यात फारसे तरंगत नाहीत. खड्यांवर, काचेवर आणि सर्वात जास्त फिल्टरच्या स्पंजात चिकटून राहतात. वाढतात फार सावकाश, दुप्पट व्हायला त्यांना साधारण एक दिवस किंवा त्याहूनही अधिक लागतो. नव्या टाकीत त्यांची वसाहत नीट बसायला चार ते सहा आठवडे जातात.

पाणी दुधाळ करणारे जिवाणू वेगळे. ते कुजक्या खाद्यावर जगतात आणि तासाभरातही दुप्पट होऊ शकतात. नव्या टाकीत त्यांना मोकळे रान मिळते, म्हणून दोन-चार दिवसांत पाणी धूसर दिसते. खाणे संपले की त्यांची संख्या आपोआप उतरते. बहुधा आठवडा-दहा दिवसांत पाणी निवळते. आपण मात्र दरवेळी टाकी धुऊन सावकाश वाढणाऱ्या कामकऱ्यांना बाहेर काढतो आणि झपाट्याने वाढणाऱ्यांना पुन्हा मोकळी टाकी देतो. त्यात नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. नागपूरला पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून येणारे पाणी शुद्ध करून जंतुनाशक क्लोरीनसह घराघरांत पोहोचते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे लागते. आपल्यासाठी ते आवश्यकच, पण माशाच्या कल्ल्यांना आणि स्पंजातल्या जिवाणूंना ते सोसत नाही.

म्हणून आधी पाण्याचा रंग पाहा. काचेच्या पेल्यात घेऊन मागे पांढरा कागद धरला की कळते. टाकी लावल्या दिवशीच पाणी राखाडी दिसले तर ती खड्यांची धूळ, एक-दोन दिवसांत खाली बसेल. चहासारखी पिवळट झाक असेल तर शोभेच्या लाकडातून उतरलेला रंग, त्याने अपाय नाही. हिरवे असेल तर सूक्ष्म शेवाळ. टाकी खिडकीच्या उन्हात असेल किंवा दिवा रात्रभर जळत असेल तर ते होणारच. टाकी सावलीत सरकवा, तीन-चार दिवस जाड कापडाने झाका आणि त्या काळात हवेचा पंप बंद पडू देऊ नका, कारण मरणारे शेवाळ प्राणवायू खाते.

दुधाळ पाण्याला उपाय साधा आहे, करायला अवघड एवढाच. खाद्य एक-दोन दिवस थांबवा, मग दोन मिनिटांत संपेल एवढेच द्या. मासा काचेशी आला की त्याला भूक लागली असे आपल्याला वाटते, तो मात्र आपल्याला पाहून नेहमीच येतो. धडधाकट मोठा मासा दोन-तीन दिवस उपाशी सहज राहतो. पाणी सगळे बदलू नका, पाव भाग बदला, तेही दिवसभर उघड्या बादलीत ठेवलेले. घाई असेल तर शोभेच्या माशांच्या दुकानात मिळणारे क्लोरीन काढणारे थेंब घाला. स्पंज नळाखाली कधीच नको. टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा हलकेच पिळा, तो मळकट दिसला तरी चालेल.

आणि तुरटी? आपल्याकडे पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची सवय आहे, जलशुद्धीकरण केंद्रांतही फटकडीच वापरतात. चिखलाच्या कणांना एकत्र बांधून ती तळाशी बसवते. टाकीतला अमोनिया मात्र तसाच राहतो, पाणी आम्लाकडे झुकते आणि कल्ल्यांची आग होते ती वेगळी. माशांच्या टाकीत तुरटी घालू नका.

उलटही लक्षात ठेवा. पाणी काचेसारखे स्वच्छ असूनही विषारी असू शकते, कारण अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, कल्ले लालसर दिसले, तर रंगाकडे पाहू नका, अर्धे पाणी लगेच बदला. तपासणीचे किट मिळते, नव्या टाकीचा पहिला महिना तरी ते घरात असावे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरूनही जेमतेम ५६ लिटर पाणी मावते. गोल्डफिश घाण भरपूर करतो, तेव्हा अशा टाकीत चार गोल्डफिश म्हणजे आम्ही केलेली पहिली चूक. महापालिका डासांच्या अळ्या खाण्यासाठी पाण्यात गप्पी मासे सोडते. ते घाणेरड्या पाण्यातही तगतात, म्हणून सगळेच मासे तगतील असा आपला समज होतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात हे गणित आणखी कडक होते. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. शिवाय पाणी जितके गरम, तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात तर तो आणखी वाढतो. मे महिन्यात टाकी कूलरच्या खोलीत असावी, झाकण थोडे उघडे आणि खाद्य निम्मे. वीज जाऊन फिल्टर काही तास थांबला तर स्पंजातले जिवाणू प्राणवायूअभावी मरू लागतात, तेव्हा बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ ठेवा.

टाकीत हात घालण्याआधी हाताला जखम नाही ना, हे पाहा. मायकोबॅक्टेरियम मॅरिनम नावाचा जिवाणू टाकीच्या पाण्यातून चिरलेल्या त्वचेत शिरतो आणि आठवड्यांनंतर बोटावर किंवा मनगटावर लालसर गाठ उठते. दुर्मीळ आहे, पण ती लवकर बरी होत नाही आणि बऱ्याचदा साधी गाठ समजून उपचार चुकतात. डॉक्टरांना घरी फिशटँक असल्याचे आवर्जून सांगा.

आमच्या उरलेल्या दोन माशांचे पाणी नवव्या दिवशी निवळले. त्या नऊ दिवसांत मी टाकीला एकदाच हात लावला, पाव बादली पाणी बदलायला. मुलीने रोज शाळेतून आल्यावर विचारले, आज धुवायची का?