कानातला डूल आणि शाळेतला वाद

विज्ञान मालिका म्हटलं की डोळ्यांपुढे येतात अवकाशयानं आणि परग्रहावरची माणसं. तिथे देवाधर्माचं काय काम? पण ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ ही अमेरिकन मालिका, १९९३ ते १९९९ या काळातली, याच प्रश्नाभोवती फिरते.

तिच्यात बाजोर नावाचा ग्रह आहे. तिथल्या लोकांनी परक्यांच्या राजवटीत सुमारे ५० वर्षं हाल सोसले, ते श्रद्धेच्या बळावर. त्या राजवटीशी लढलेली मेजर किरा आता अंतराळातल्या ठाण्यावर अधिकारी आहे. गणवेशातही तिच्या उजव्या कानात डूल असतो. तो दागिना नव्हे, तिच्या धर्माची खूण आहे.

ठाण्याजवळ अवकाशात एक बोगदा सापडतो. त्यात राहणाऱ्यांना बाजोरचे लोक देव मानतात. पृथ्वीवरून आलेली माणसं म्हणतात, ते काळाच्या पलीकडे राहणारे जीव आहेत. म्हणजे आत कुणीतरी आहे, हे दोघांनाही मान्य. वाद आहे तो त्यांना काय म्हणायचं याचा.

पहिल्या वर्षाच्या शेवटच्या भागात हा वाद शाळेत शिरतो. केको ही शिक्षिका मुलांना बोगद्याचं विज्ञान शिकवते. विन नावाची धर्मगुरू म्हणते, हा देवाचा अपमान आहे. बाजोरचे पालक मुलांना शाळेतून काढून घेतात. किराही आधी विनचीच बाजू घेते. मग रिकाम्या शाळेत स्फोट होतो. पुढे विनच्या सांगण्यावरून एक तरुणी दुसऱ्या धर्मगुरूवर शस्त्र रोखते. त्याला संपवून विनला सर्वोच्च पद गाठायचं असतं!

किराला हे उमगतं, पण हातात पुरावा नसतो. म्हणून ती कानातला डूल काढून टाकत नाही. तिची देवावरची श्रद्धा टिकते, विनवरचा विश्वास मात्र जातो. ठाण्याचा प्रमुख सिस्को स्वतः बाजोरचा नाही, तरीही तो मुलाला समजावतो, की या लोकांच्या श्रद्धेला हसू नकोस. तिच्यामुळेच ते जगले. आणि शाळेत विज्ञान शिकवणंही तो थांबवू देत नाही.

दोघी एकाच देवाला मानतात. किराला श्रद्धेतून जगण्याचं बळ मिळतं, विनला तिच्यातून सत्ता हवी असते. तेव्हा मैत्रिणींनो, देवाच्या नावाने कुणी मुलांची शाळा बंद करायला सांगितली, तर आधी एवढंच विचारा : यात देवाचा मान किती, आणि सांगणाऱ्याचा लाभ किती? हे विचारल्याने श्रद्धा कमी होत नाही.