खूण, माग आणि अनुमान : ‘बॅटमॅन : आर्कम सिटी’ या व्हिडिओ गेमचे गुणदोष

१

रहस्यकथेचा वाचक आणि रहस्यप्रधान व्हिडिओ गेम खेळणारा यांच्या स्थितीत एक मूलभूत भेद आहे. वाचक नायकाचा तपास पाहतो; खेळणाऱ्यास तो स्वतः करावयाचा असतो. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारची किंवा काळ्या पहाडाची कथा वाचताना वाचकाचा तर्क चुकला तरी कथा अडत नाही, कारण उलगडा करण्याचे काम तिच्यातील पात्रांकडे असते. खेळात हे काम खेळणाऱ्याकडे सोपवावयाचे, तर त्यास चुकण्याची मोकळीकही द्यावी लागते. आणि ती दिली की कथा मध्येच अडून बसण्याचा धोका उत्पन्न होतो. या पेचातून रचनाकार कोणती वाट काढतो, यावर अशा खेळाची योग्यता पुष्कळ अंशी अवलंबून असते.

लंडन येथील रॉकस्टेडी स्टुडिओज या संस्थेने २००९ साली ‘बॅटमॅन : आर्कम असायलम’ हा खेळ आणि २०११ साली ‘बॅटमॅन : आर्कम सिटी’ हा त्याचा उत्तरभाग प्रसिद्ध केला. बॅटमॅन हे पात्र १९३९ साली ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ या चित्रकथांच्या नियतकालिकातून प्रथम वाचकांपुढे आले. म्हणजे शोधकपणा हा त्याचा जन्मजात धर्म होय. उत्तरभागात या धर्माचे काय झाले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

२

तपासाच्या क्रियेसाठी मराठीत जे वाक्प्रचार रूढ आहेत, ते परस्परांचे पर्याय नव्हेत. ‘त्याला सुगावा लागला’ या वाक्यात माणूस चतुर्थीत आहे. त्याच्याकडे कर्तृत्व नाही, घटना त्याच्यापाशी चालून आली आहे. ‘त्याने माग काढला’ या वाक्यात तो कर्ता आहे आणि क्रिया कष्टसाध्य आहे. ‘त्याने छडा लावला’ यात क्रियेचे फळ हाती आले आहे. सुगाव्यापासून छड्यापर्यंतचा प्रवास मागावरून होतो, आणि शोधकाची बुद्धी कसास लागते ती याच मधल्या टप्प्यावर.

हा टप्पा एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. धाराशिव जिल्ह्यातील माकणी येथे तेरणा नदीवर निम्न तेरणा धरण आहे. त्या जलाशयाच्या काठी ओल्या मातीत चुकलेल्या बैलाचे खूर उमटले आहेत, अशी कल्पना करावी. खूर दिसणे हे प्रत्यक्ष. परंतु ठशाची खोली, त्याच्या वाळलेल्या वा ओल्या कडा आणि दोन ठशांमधील अंतर यांवरून जनावर केव्हा गेले व ते लंगडत होते काय, हे ठरविणे हे अनुमान होय. न्यायशास्त्रातील धूर आणि अग्नी यांच्या प्रसिद्ध दृष्टांताचे मर्मही हेच. धूर सर्वांनाच दिसतो. पण धूर व अग्नी यांचे नित्य साहचर्य, म्हणजे व्याप्ती, ज्यास ठाऊक आहे त्यासच अग्नीचे ज्ञान होते. व्याप्ती दुसऱ्याने पुरविली, तर उरते ते केवळ पाहणे.

३

उत्तरभागाचे गुण प्रथम पाहू. पहिल्या भागातील घटना एका बेटावरील मनोरुग्णालयात घडतात. येथे गॉथम नगरीचा एक विस्तीर्ण भाग भिंती घालून कारागृह बनविलेला आहे. नायकाचा संचार त्यामुळे मोकळा झाला आहे. हाणामारीत प्रहार आणि प्रतिकार यांसाठी मोजक्याच कळा आहेत. कौशल्य आहे ते योग्य क्षण साधण्यात. मिस्टर फ्रीज याच्याशी होणारी झुंज तर विशेष उल्लेखनीय आहे. एकदा लागू पडलेली युक्ती तो दुसऱ्यांदा चालू देत नाही. खेळणाऱ्यास प्रत्येक वेळी परिसराचे नव्याने निरीक्षण करावे लागते. साहसात बुद्धीचा असा प्रवेश होणे ही लहान गोष्ट नव्हे.

४

दोष आहे तो प्रत्यक्ष तपासाच्या प्रसंगांत. या खेळमालिकेत नायकाला एक यांत्रिक दृष्टी दिलेली आहे. तिला शोधदृष्टी म्हणता येईल. ती चालू करताच भिंतीपलीकडील माणसांचे सांगाडे दिसतात आणि पुराव्याच्या वस्तू उजळून निघतात. पहिल्या भागात ती इतकी सोयीची होती की पुष्कळ खेळणारे ती सतत चालूच ठेवीत. उत्तरभागात काही शत्रूंजवळ तिला निकामी करणारी यंत्रे देऊन या सवयीस थोडा आळा घातला आहे. तथापि मूळ अडचण राहिलीच. कॅटवुमनवर गोळी झाडली जाते त्या प्रसंगी खेळणाऱ्याने गोळीचे छिद्र आणि ती जेथे आदळली ती जागा एवढेच टिपावयाचे. गोळीची रेषा यंत्र आखते आणि ती चर्चच्या मनोऱ्याकडे बोट दाखविते. जखमी मारेकऱ्याचा पाठलागही रक्ताच्या उजळलेल्या थेंबांवरून होतो. व्याप्ती येथे यंत्राकडे आहे. खेळणाऱ्यास सुगावा ‘लागतो’, तो माग ‘काढीत’ नाही.

दुसरा दोष कथा आणि क्रीडा यांच्या विसंगतीचा. जोकरने आपले विषारी रक्त नायकाच्या शरीरात घातले आहे आणि आयुष्याची घटका भरत आली आहे, असे कथा सांगते. त्याच वेळी रिडलरने विखुरलेली ४०० हून अधिक आव्हाने शोधीत रमतगमत हिंडण्यास खेळ उत्तेजन देतो. या कोड्यांत खऱ्या विचारास वाव आहे, हे मान्य केले पाहिजे. पण तो विचार मुख्य कथेच्या बाहेर पडला आहे.

५

असे असूनही खेळात एक स्थळ असे आहे की जेथे रचनाकारांनी खेळणाऱ्याच्या बुद्धीवर पूर्ण विश्वास टाकला आहे. मरणपंथाला लागलेला जोकर एकाएकी धडधाकट होऊन समोर येतो. त्याच्याकडे शोधदृष्टीने पाहिल्यास शरीरात सांगाडाच दिसत नाही. तो जोकर नसून रूप पालटणारा क्लेफेस आहे, हा उलगडा पुष्कळ पुढे होतो. येथे खूण उजळत नाही आणि कोणी तिच्याकडे लक्षही वेधत नाही. ज्याने पाहिले आणि ‘हाडांवाचून माणूस कसा?’ असा प्रश्न स्वतःस विचारला, त्यालाच अर्थ गवसतो. ज्यास तो गवसला नाही, त्याचीही कथा अडत नाही. आरंभी सांगितलेला पेच येथे सुटलेला आहे, आणि तोही दोष म्हणून दाखविलेल्या त्याच शोधदृष्टीच्या साहाय्याने.

यावरून दोष यंत्रदृष्टीचा नसून तिच्या वापराचा आहे, हे स्पष्ट होते. खूण दाखवावी, तिचा अर्थ सांगू नये. २०१३ सालच्या ‘आर्कम ओरिजिन्स’मध्ये गुन्ह्याचा प्रसंग मागेपुढे सरकवून पाहण्याची सोय आली, परंतु कोठे पाहावे हे दाखविणारे बोट तेथेही हटले नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ २०२० साली प्रसिद्ध झाला. खेळांची निर्मिती महाराष्ट्रात होऊ लागली आहे, याची ती साक्ष होय. उद्या मराठीतून रहस्यप्रधान खेळ रचला गेला, तर त्याच्या रचनाकारास ‘सुगावा लागणे’ आणि ‘माग काढणे’ यांतील विभक्तीचा भेद व्याकरणापुरता मानून चालणार नाही.