राइस मिलचा भागीदार बाहेर पडतो तेव्हा

1 जानेवारी 2025 रोजी गडचिरोली जिल्ह्यातल्या कोनसरीत लॉइड्स मेटल्सच्या कामगारांना कंपनीचे शेअर मिळाले. त्यांत आत्मसमर्पण केलेले माजी नक्षलवादीही होते. त्या शेअरचा भाव मोबाइलवर रोज दिसतो. मूल-सिंदेवाहीकडे नातेवाइकांनी काढलेल्या प्रायव्हेट लिमिटेड राइस मिलला ही सोय नाही. एकाला बाहेर पडायचं असलं की दोन आकडे निघतात आणि बोलणं खुंटतं.

किंमत कशी काढायची

समजा, भरणा झालेलं भांडवल 20 लाख, मुक्त राखीव निधी 80 लाख. ताळेबंदानुसार मिल एक कोटीची. पण जमीन जुन्या खरेदीखताच्या भावाने मांडलेली असते; आजच्या भावाने मिल चार कोटींची होते. गोदामातलं धान आदिवासी विकास महामंडळाचं असेल, तर ते मिलच्या मालमत्तेत धरायचं नाही. थकलेली भरडाई मात्र धरायची, हातात कधी पडेल ते पडो. मालमत्तेसोबत चार-पाच हंगामांच्या सरासरी नफ्यावरूनही किंमत काढावी. चालू मिलला हाच हिशेब जास्त खरा, असं माझं मत. जमीन विकून कोणी धान भरडत नाही.

कंपनीने घ्यायचे की भावांनी

दहा टक्केवाला चार कोटींवर 40 लाख मागतो. कंपनी कायदा 2013 च्या कलम 68 नुसार बायबॅकवर, म्हणजे कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेण्यावर, भांडवल आणि मुक्त राखीव निधीच्या 25 टक्क्यांपर्यंतच खर्च करता येतो. इथे 25 लाख. जमिनीचा वाढलेला भाव या निधीत धरत नाहीत. घासाघीस अडते ती इथेच. निम्मे शेअर आता, उरलेले किमान वर्षभराने, तेही तेव्हाच्या मर्यादेत बसले तर. बायबॅकनंतर कर्ज भांडवल-राखीव निधीच्या दुपटीवर जाता कामा नये. शिवाय देकार सगळ्याच भागधारकांना द्यावा लागतो. बाकीच्यांनी तो नाकारायचा. त्यापेक्षा उरलेल्या भावांनी स्वतःच्या पैशाने शेअर विकत घेणं पुष्कळदा सुटसुटीत. कराचं मात्र सीएला आधी विचारा, ते नियम वारंवार बदलतात.

नियमावलीत काय हवं

बायबॅकची मुभा तर हवीच, तिच्याशिवाय तो होत नाही. मूल्यांकन कोणत्या तारखेचं, सीए कोण नेमणार, हेही सगळे एका ताटात जेवत असतानाच लिहून घ्यावं.

शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर

इथे वाद कमी. संचालक मंडळाच्या मंजुरीने शेअर दुसऱ्या सक्रिय सभासदालाच, तोही दर्शनी किमतीला देता येतो. सभासद झाल्यापासून तीन महिन्यांत वारस नेमायचा असतो.