गजाचा रियाज आणि शेजाऱ्याची झोप

वाद्य शिकणाऱ्याला रोज रियाज लागतो आणि शेजाऱ्याला रोज झोप लागते. दोघांच्या मध्ये असते ती एक भिंत. ही भिंत आवाज किती अडवते, कोणता अडवते आणि कोणता अडवत नाही, हा प्रश्न ध्वनिशास्त्राचा आहे. आपल्या मराठवाड्यात तो दोन ठिकाणी विशेष जाणवतो. नांदेड हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. गुरू गोविंदसिंगांचे देहावसान १७०८ साली येथेच झाले. गुरबानी कीर्तनाच्या जुन्या परंपरेत ताऊस, दिलरुबा, सारंदा ही गजाने वाजवायची वाद्ये आहेत. दुसरे ठिकाण लातूर. ‘लातूर पॅटर्न’मुळे बाहेरगावची हजारो मुले येथे खोल्या घेऊन बारावी आणि ‘नीट’चा अभ्यास करतात. अशा वस्तीत एखाद्या मुलीने सारंगी किंवा व्हायोलिन शिकायला घेतले, तर भिंतीपलीकडच्या मुलाच्या अभ्यासाचे काय? आणि अभ्यासासाठी तिने रियाज सोडावा का?

आधी आवाजाच्या उगमाकडे पाहू. सतारीची तार छेडली की आवाज हळूहळू विरतो. गजाचे तसे नाही. राळ लावलेला गज तारेला पकडून ओढतो, तार ताणली जाते, सुटते, मागे घसरते आणि गज तिला पुन्हा पकडतो. दर कंपनाला एकदा असे पकडणे-सुटणे होते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात ही गती उलगडून दाखवली. आपल्या सी. व्ही. रामन यांनी १९१८ साली गजाने कंप पावणाऱ्या तारांवर सविस्तर प्रबंध लिहिला. ठरावीक दाबापेक्षा गज हलका धरला तर तार नीट पकडली जात नाही आणि स्वराऐवजी खरखर ऐकू येते. म्हणून ‘जरा हळू वाजव’ एवढे सांगून भागत नाही. नुसता दाब कमी केला तर स्वरच बिघडतो. मात्र गज सावकाश ओढला आणि घोडीपासून थोडा दूर चालवला, तर आवाजही कमी होतो आणि लागणारा किमान दाबही कमी होतो. बोटांची जागा पक्की करण्याचा रियाज असा करता येतो. घोडीवर रबराचा जड चिमटा (म्यूट) बसवला तर घोडीचे हलणे कमी होते. त्याचा परिणाम उंच स्वरांवर जास्त आणि खालच्या स्वरांवर कमी होतो, हे ध्यानात ठेवावे.

वाद्यातून निघालेला ध्वनी शेजारी दोन वाटांनी पोचतो. एक हवेची वाट: वाद्य हवा हलवते, हवा भिंत हलवते आणि भिंत पलीकडची हवा हलवते. दुसरी वाट घन पदार्थाची: वाद्य जमिनीला टेकलेले असेल तर कंप थेट फरशीत, स्लॅबमध्ये आणि तिथून खालच्या घरात उतरतात. पाश्चात्त्य वाद्यवृंदातला डबल बास याचे ठळक उदाहरण आहे. पुरुषभर उंचीचे हे वाद्य लोखंडी खुंटावर जमिनीला टेकवून वाजवतात. आपल्याकडे बैठक जमिनीवरच असते आणि ताऊससारखे मोठे वाद्यही जमिनीवर टेकते.

दुसरी वाट वर्गात सहज दाखवता येते. नादकाटा वाजवून हातात धरा, आवाज जेमतेम ऐकू येईल. त्याचा दांडा टेबलावर टेकवा, सारा वर्ग ऐकेल. आता मध्ये चार घड्यांचा टॉवेल ठेवून तोच प्रयोग करा. आवाज पुन्हा मंदावेल. टॉवेल येथे स्प्रिंगचे काम करतो. असा थर वजनाखाली जितका दबतो, तितकी त्याची नैसर्गिक वारंवारता कमी होते. ४ मिलिमीटर दबला तर ती साधारण ८ हर्ट्झ येते. हिच्या दीडपटीच्या वरचे कंप खाली कमी उतरतात. डबल बासचा सर्वांत खालचा स्वर ४१ हर्ट्झचा आहे, म्हणजे पाचपट. तेव्हा लाकडी फळी, तिच्याखाली चार कोपऱ्यांना रबराच्या जाड गाद्या, आणि फळीवर वाद्य व वादक दोघेही, अशी मांडणी स्वस्तात होते. रबर इतके कडक असेल की ते दबतच नाही, तर त्याचा उपयोग नाही.

हवेच्या वाटेवर मात्र वजनाचे राज्य आहे. भिंतीचे दर चौरस मीटरचे वजन दुप्पट केले की अडवणूक सुमारे ६ डेसिबलने वाढते. स्वराची वारंवारता निम्मी झाली की ती तितकीच घटते. म्हणून १००० हर्ट्झच्या स्वराला जी भिंत चांगली अडवते, तीच ४१ हर्ट्झच्या स्वराला नियमाप्रमाणे सुमारे २८ डेसिबल कमी अडवते. शेजारच्या मिरवणुकीतले शब्द कळत नाहीत, पण ढोलाचा घुमारा घरात येतो, तो यामुळेच.

आपल्याकडची जुनी दगडमातीची दोन फुटी भिंत चार इंची विटांच्या भिंतीपेक्षा साधारण पाचपट जड असते. म्हणजे नियमाप्रमाणे १४ डेसिबल जास्त अडवणूक. जुन्या वाड्यात शांत का वाटते, त्याचे हे एक कारण. पण हेच वजन ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात किती घातक ठरले, हे लातूर-धाराशिव भागातल्या माणसाला सांगायला नको. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. जमीन हलली की जड भिंतीवर बलही मोठे येते, आणि मातीच्या सांध्यांना ते पेलत नाही. म्हणून आवाज अडवायला घरात नवी जड भिंत उभारणे हा मार्ग अभियंत्याला विचारल्याशिवाय धरू नये. दोन हलके पडदे आणि मध्ये हवेची पोकळी, ही रचना त्याच वजनाच्या एका भिंतीपेक्षा बहुतेक स्वर चांगले अडवते. अगदी खालच्या स्वरांना मात्र तीही पुरत नाही.

भिंतीपेक्षा मोठा चोर म्हणजे फट. दहा चौरस मीटरच्या भिंतीत दाराखाली एक मीटर लांब, एक सेंटिमीटर रुंद फट आहे असे समजा. ती क्षेत्रफळाच्या हजारावा हिस्सा आहे. तेवढ्यातून हजारावा हिस्सा ऊर्जा निसटते, म्हणजे अडवणूक ३० डेसिबलच्या वर जाऊच शकत नाही, मग भिंत किल्ल्याची का असेना. स्टीलच्या डब्यात वाजता मोबाइल ठेवून झाकण घट्ट लावा आणि मग ते काडीभर उघडा. फरक मुलांना लगेच कळेल. दाराच्या फटीला रबरपट्टी लावणे हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय तो यासाठीच. उन्हाळ्यात खिडकी उघडी ठेवावी लागते, तेव्हा निदान शेजाऱ्याच्या खिडकीसमोरची तरी बंद असावी.

भिंतीला अंड्यांचे ट्रे किंवा वाकळ लावली की आवाज बाहेर जात नाही, हा समज चुकीचा आहे. वाकळ आवाज शोषते, अडवत नाही. तिने खोलीतला घुमारा कमी होतो, वाजवणाऱ्याला स्वतःचा स्वर स्वच्छ ऐकू येतो आणि पलीकडे जाणारा आवाज दोन-तीन डेसिबल उतरतो. तोही उंच स्वरांचा. अंड्यांचे ट्रे तर हलके, त्यांच्याकडून तेवढेही होत नाही.

कायदा काय म्हणतो? ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. मोजणी ‘ए’ मापनात होते आणि हे मापन खालचे स्वर कमी धरते: ६३ हर्ट्झचा स्वर २६ डेसिबलने कमी. त्यामुळे मोबाइलवरचा आकडा लहान दिसला, तरी शेजाऱ्याची घुमाऱ्याबद्दलची तक्रार खरी असू शकते. आकडा दाखवून त्याला खोटे पाडू नये.

सारांश, क्रम असा धरावा. सामाईक भिंतीपासून दूरची खोली निवडावी. फटी बुजवाव्यात. वाद्याखाली दबणारा थर द्यावा. पहाटे आणि रात्री म्यूट लावून, सावकाश गजाने, बोटांचा रियाज करावा. भरीव आवाजाचा, पूर्ण गजाचा रियाज मात्र टाळता येत नाही. गजाचा हात त्यानेच तयार होतो. त्याची वेळ शेजाऱ्याला विचारून ठरवावी. परीक्षेचा महिना असेल तर ती अर्ध्या तासावर आणावी. या अर्ध्या तासात आपला स्वर पलीकडे किती पोचतो, हे एकदा त्याच्या घरी बसून, दुसऱ्याला वाजवायला लावून ऐकावे. कोणती वाट उघडी राहिली आहे, ते तिथेच समजते.