इन्सुलिन पंप हवाय? आधी वही आणा

ओपीडी संपत आली होती. दीडच्या सुमाराला एक शेतकरी, त्याची बायको आणि चौदा वर्षांची मुलगी आत आली. बसायच्या आधीच त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. व्हिडिओत एक मुलगा कमरेच्या पट्ट्याला छोटं यंत्र अडकवून क्रिकेट खेळत होता.

"सर, हा पंप लावला की हिच्या सुया बंद ना? अर्धा एकर विकायला काढतो. पण सुया बंद करा एकदाच्या."

मुलीला सातव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह आहे. दिवसाला चार इंजेक्शनं. मी तिला विचारलं, "बाळा, घरी साखर किती वेळा तपासतेस?" तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "इथं आल्यावर तपासतोच की." म्हणजे तीन महिन्यांतून एकदा. इन्सुलिन त्यांना आमच्याकडून मोफत मिळतं, पट्ट्या मात्र पदरमोड करून घ्याव्या लागतात. दोष कुणाला द्यायचा?

जमीन विकण्याआधी पंप म्हणजे काय ते नीट सांगणं भाग होतं. हल्ली हा प्रश्न बरेच जण विचारतात, म्हणून तेच इथे लिहितो.

निरोगी माणसाचं स्वादुपिंड दोन प्रकारे इन्सुलिन सोडतं. रात्रंदिवस थोडं थोडं, उपाशी असलो तरी; आणि जेवलो की एकदम जास्त. इंजेक्शनं घेणाऱ्याला पहिल्या कामासाठी दीर्घकाळ टिकणारं इन्सुलिन देतात आणि दुसऱ्यासाठी जेवणाआधी झटपट काम करणारं. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन भरतात. ठरवून दिलेल्या वेगाने ते सतत थेंब थेंब जात राहतं आणि जेवताना आपण आकडा घालून जास्तीचा डोस द्यायचा. पोटाच्या कातडीखाली एक बारीक नळी बसवलेली असते, ती दर दोन-तीन दिवसांनी बदलावी लागते. म्हणजे टोचणं कमी होतं, बंद होत नाही.

साठच्या दशकात लॉस एंजेलिसच्या डॉ. अर्नोल्ड कॅडिश यांनी केलेला पंप पाठीवर सॅकसारखा वागवावा लागे. आजचा खिशात मावतो. सेन्सरवरून साखर वाचून इन्सुलिनचा वेग आपोआप कमी-जास्त करणाऱ्या पहिल्या पंपाला अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली. पण त्यालाही जेवण कळवावंच लागतं. ताटात एक भाकरी आहे की दोन, हे त्याला दिसत नाही. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं असतात. हा हिशेब पंप वापरणाऱ्याने दर घासाला नाही तरी दर ताटाला करायचा असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही वर्षांपूर्वी एक कॉलेजचा मुलगा पहाटे आमच्याकडे आला. रात्रभर उलट्या, पोटात दुखतंय, धाप लागलेली. घरच्यांना वाटलं ॲसिडिटी. त्याचा पंप व्यवस्थित चालू होता, पडद्यावर कसलीही सूचना नव्हती. शर्ट वर केला तर नळी कातडीतून निसटलेली आणि इन्सुलिन बनियनमध्ये मुरत होतं. साखर पाचशेच्या वर, रक्तात आम्ल साचलेलं. तो वाचला, पण दोन दिवस अतिदक्षता विभागात काढून.

असं का झालं? दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्सुलिनचं एखादं इंजेक्शन चुकलं तरी आधीच्या डोसचा थोडा आधार उरतो. पंपात तो साठाच नसतो. नळी निसटली, मुडपली किंवा बुडबुडा अडकला की काही तासांत शरीर इन्सुलिनविना राहतं. म्हणून पंपवाल्यांसाठी नियम: साखर अडीचशेच्या वर गेली आणि पंपातून डोस देऊनही तासा-दोन तासांत उतरली नाही, तर पंपावर विसंबू नका. पेनने किंवा सिरिंजने इन्सुलिन घ्या, नळी बदला, लघवीतील किंवा रक्तातील कीटोन तपासा. उलट्या होत असतील तर थेट दवाखाना गाठा.

सिरिंजवरून आठवलं. पंपासाठी मिलिलिटरला १०० युनिटचं इन्सुलिन वापरतात; आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्या ४० युनिटच्या असतात. ४० च्या, लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १०० चं इन्सुलिन भरलं तर अडीचपट डोस जातो. घरात दोन्ही असतील तर वेगळ्या डब्यांत ठेवा. ही चूक मी शिकलेल्या घरांतही पाहिली आहे.

मग पंप वाईट का? मुळीच नाही. अर्ध्या युनिटनेही साखर खाली कोसळणारी लहान मुलं, रात्री वारंवार साखर उतरणारे, पहाटे साखर हमखास चढणारे, गर्भधारणेचा विचार करणाऱ्या टाइप १ च्या मुली, यांना त्याचा खरा उपयोग होतो. दिवसाला एक-दोन गोळ्यांवर भागणाऱ्यांनी मात्र त्याच्या नादी लागू नये. खर्चही पाहा. यंत्र काही लाखांचं, शिवाय नळ्या आणि इन्सुलिनसाठी दरमहा काही हजार. अर्धा एकर एकदाच विकता येतो, नळ्या दर महिन्याला लागतात.

१९९३ साली अमेरिका आणि कॅनडातील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. टाइप १ चे १४४१ रुग्ण त्यात होते. ज्यांनी साखर काटेकोर ठेवली, त्यांच्यात डोळ्यांच्या पडद्याचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. या गटातले काही पंपावर होते, काही दिवसाला तीन किंवा जास्त इंजेक्शनांवर. दोघांतली समान गोष्ट म्हणजे रोज किमान चारदा साखर तपासून डोस ठरवणं.

मी त्या बापाला म्हटलं, "जमीन राहू द्या. तीन महिने पट्ट्या आणा आणि एक वही घाला." त्याला ते पटलं नाही, हे चेहऱ्यावर दिसत होतं. पट्ट्यांसाठी समाजसेवा विभागाकडे चिठ्ठी दिली, थोडी मदत झाली.

तीन महिन्यांनी मुलगी एकटी आत आली. आईबाप बाहेर केसपेपरच्या रांगेत. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, अकरावरून पावणेनऊवर आली होती. वहीत निळ्या पेनने आकडे, लाल पेनने काय खाल्लं ते. पंप अजूनही हवाय, म्हणाली. शाळेत डब्याच्या वेळी मैत्रिणींसमोर टोचून घ्यायला लाज वाटते. हे कारण मला पहिल्या वेळी कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

"सर, एक विचारू? हुरडा खाल्ला की किती युनिट धरायचे?"

मला पाठ नव्हतं. खायच्या आधी आणि दोन तासांनी तपास, किती वाट्या खाल्ल्या ते लिही, म्हटलं, आणि पुढच्या खेपेला मलाही दाखव.