मागचा ब्रेक : क्रमाचे महत्त्व

मोटारसायकलच्या मागच्या डिस्क ब्रेकचे पेडल स्पंजासारखे दबू लागले, तर ब्रेकच्या नळीत हवा शिरल्याचा संभव असतो. द्रव दबत नाही, हवा दबते. पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही.

गळती नसल्याची खात्री करून, डबीच्या झाकणावर निर्देशिलेले ताजे ब्रेक ऑइल भरावे. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो; ओलावा शोषल्यावर तो बराच उतरतो. कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी जोडावी. पेडल दाबून धरावे, निपल किंचित सैल करून पुन्हा आवळावे आणि मगच पाय उचलावा. क्रम चुकल्यास हवा परत आत जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करावे, डबी रिकामी होऊ देऊ नये.

तरीही पेडल मऊच राहिले, तर गाडी रस्त्यावर न आणता मेकॅनिकला बोलवावे. मजुरीची बचत जरूर करावी. जिवाच्या मोलाने नव्हे.