गोठण्याच्या सड्यावर

देवाच्या गोठण्याला जाणार असाल तर होकायंत्र बरोबर ठेवा, असं रत्नागिरीतल्या ओळखीच्या एका शिक्षकांनी बजावलं होतं. वाट चुकण्याची भीती म्हणून नव्हे. तिथे होकायंत्रच चुकतं म्हणून. वाशिमच्या माणसाला कोकणात न्यायला एवढं आमिष पुरेसं आहे. समुद्र काय, सगळेच दाखवतात.

देवाचे गोठणे हे राजापूर तालुक्यातलं गाव. खाली नारळी-पोफळी, उतरती कौलारू घरं आणि भार्गवरामाचं देऊळ. देवळाशी ब्रह्मेंद्रस्वामींचं नाव जोडलेलं आहे. थोरल्या बाजीरावांचे गुरू, जंजिऱ्याच्या सिद्दीशी त्यांचं बिनसलेलं, पेशव्यांना दिलेली कर्जं, हे सगळं आपण शाळेत वाचलेलंच आहे. देऊळ मात्र घाईने पाहू नये. सभामंडपात पाच मिनिटं टेकलं की अंगातला घाम थोडा निवतो, आणि पुढची चढण डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय चढवत नाही.

वाट चिऱ्याच्या पायऱ्यांची. कोकणात हिला पाखाडी म्हणतात. झाडी आहे तोवर बरं वाटतं. अर्ध्या-पाऊण तासाची चढण, पण फाल्गुनातली दमट हवा आपल्या कोरड्या उन्हापेक्षा जास्त दमवते. आमच्या वाशिमला ऊन लागतं, इथे ऊन चिकटतं. मग झाडी एकदम संपते आणि माणूस सड्यावर येतो.

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं पठार. वरून काळाकुट्ट, फोडला की आत तांबडा. दूरवर सपाट, मधेच वाळलेलं गवत, एखादी करवंदीची जाळी, सावलीच्या नावाने शून्य. महाराष्ट्रातल्या सर्वांत हिरव्या मुलखाच्या डोक्यावर हे असलं वाळवंट असतं, हे खालच्या नारळी-पोफळीतून फिरणाऱ्याला सांगूनही खरं वाटणार नाही. कातळ तापला की चपलेच्या तळव्यातून कळतं.

माझ्याबरोबर गावातले एक काका होते. वय सत्तरीच्या आसपास, अंगात बंडी, डोक्याला टॉवेल. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी चिरेखाणीवर काढलेली. ते चालता चालता अचानक थांबले आणि म्हणाले, ‘‘पाय जपून ठेवा, तुमी त्याच्यावरच हाव.’’

खाली पाहिलं. कातळात कोरलेली रेघ होती, दोनेक बोटं रुंद, कडेने झिजलेली, आत लाल माती आणि गवताच्या काड्या अडकलेल्या. रेघेच्या मागे मागे नजर नेली तेव्हा खांदा झाला, हात झाला, मग पाय. माणूस. एकटाच, आभाळाकडे तोंड करून पडलेला. लेण्यांतलं शिल्प समोर उभं राहून आपल्याकडे पाहतं. इथे आपणच त्याच्या अंगावर उभे असतो आणि दिसत काहीच नाही. सूर्य डोक्यावर आला की तर रेघा कातळातच विरून जातात. म्हणून सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जायचं.

होकायंत्र काढलं. सुई थरथरली आणि उत्तर सोडून भलतीकडेच जाऊन बसली. बाजूला सरत गेलो तशी ताळ्यावर आली. पुन्हा आकृतीजवळ, पुन्हा तोच चाळा. जांभ्यात लोह भरपूर असतं, आणि उघड्या कातळावर वीज पडली तर तेवढ्या जागेला चुंबकत्व येऊ शकतं, हे जगात इतरत्रही आढळलेलं आहे. इथली जागा चित्र काढणाऱ्यांनी त्यासाठीच निवडली, ‘ऊर्जा’ ओळखून निवडली, असं छातीठोक सांगणारी मंडळीही भेटतात. ज्यांच्याकडे होकायंत्र नव्हतं त्यांना होकायंत्राची चूक कशी कळली, हे मात्र त्यांना विचारू नये, राग येतो.

या चित्रांना आता कातळशिल्पं म्हणतात. गावोगाव ती लोकांना ठाऊक होतीच. कुणी पांडवांचं काम म्हणत, कुणी नुसतंच ‘चित्रं’. पण ती शोधून, मोजून, नकाशावर आणण्याचं श्रेय प्रामुख्याने रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांच्या पायपिटीला जातं. रिसबूड पेशाने इंजिनिअर. गुराख्यांना, शाळकरी पोरांना, खाणीवरच्या कामगारांना विचारत ही माणसं एकेक सडा तुडवत गेली. आज रत्नागिरी-सिंधुदुर्गात मिळून अशा आकृत्यांची संख्या दीड हजारांच्या वर गेली आहे. 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातली नऊ ठिकाणं गेली. रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरूण, काशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी, आणि गोव्यातलं पणसायमळ. एवढा मान मिळालेल्या ठिकाणी त्या सकाळी आम्ही दोघं आणि एक टिटवी होतो.

वय किती? दगडावरची रेघ कोळशासारखी तपासून तारीख काढता येत नाही, त्यामुळे एक आकडा कुणी ठामपणे देत नाही. राज्य पुरातत्त्व विभागाचे संचालक असताना तेजस गर्गे यांनी एक साधा मुद्दा मांडला होता. या चित्रांत शिकारीची जनावरं आहेत, मासे आहेत, पण शेती कुठेच नाही. म्हणजे चितारणारे शेतीच्या आधीचे, दहा-बारा हजार वर्षांपूर्वीचे असावेत. मासे म्हणजे किती तऱ्हेचे! शार्क, पाकट, शिवाय कासवं. आणि गेंडा. आज कोकणात गेंडा म्हटलं तर लोक हसतील, पण कातळावर तो आहे.

अभ्यासकांचं ऐकलं होतं. काकांचं ऐकायला जास्त मजा आली. ते उकिडवे बसले, गवत बाजूला सारून अंगठा रेघेतून फिरवला आणि म्हणाले, ‘‘ह्या लोखंडाचा काम न्हाय. लोखंड मारला की कड सरळ तुटते. ह्या ठेचून ठेचून केलेला हाय.’’ मग त्यांनी मला चिऱ्याचं शास्त्र शिकवलं. जांभा जमिनीच्या पोटात मऊ असतो. तिथून कापून काढला, वारा-ऊन लागलं, की दिवसेंदिवस घट्ट होत जातो. म्हणून चिरा ताजा असतानाच तासून घ्यायचा. त्यांच्या वेळी टिकावाने चर पाडून, पहार घालून एकेक चिरा उचकटायचा. चांगल्या गड्याचा चिरा हातानेच चौकोनी निघे, गुण्या लावायची गरज पडत नसे. आता चक्रीचं यंत्र आलं. तांबडी धूळ उडवत दिवसभरात सडाच्या सडा चौकटीत कापून काढतं. ‘‘पन ह्या वरचा कातळ,’’ काका रेघेवर बोट ठेवून म्हणाले, ‘‘ह्या आधीच कडक झालेला. मऊ मिळाला म्हनून केला, असा न्हाय.’’ म्हणजे सर्वांत कठीण पापुद्राच कोरणाऱ्यांनी निवडला, तोही दगडाने दगड ठेचत. ती रेघ कुठे अडखळलेली नाही, हे काकांनी मला तीनदा दाखवलं. आधी आखलं असणार, असं त्यांचं मत. खाणीवर आखल्याशिवाय कुणी हात घालत नाही.

आदल्या दिवशी काशेळीचा हत्ती पाहून आलो होतो. अठरा मीटर लांब, तेरा मीटर रुंद, आणि त्याच्या पोटात सत्तरहून अधिक लहान आकृत्या. जमिनीवरून तो कधीच अख्खा दिसत नाही. कडेने फिरत तुकडे जोडत बसावं लागतं. काशेळी खरं तर कनकादित्यासाठी प्रसिद्ध. प्रभासपाटणहून सूर्याची मूर्ती घेऊन निघालेलं गलबत इथे अडलं, नाखव्याने मूर्ती किनाऱ्यावरच्या देवघळीत ठेवली आणि कनका नावाच्या भक्तिणीला स्वप्नात दृष्टांत झाला, अशी गोष्ट. देवाला गोष्ट आहे, देऊळ आहे, रथसप्तमीचा उत्सव आहे. हत्तीला यातलं काहीच नाही. तिथे दोन पोरं ड्रोन उडवत होती आणि चित्र ‘नीट दिसावं’ म्हणून एकाने खडूने रेघा गिरवायला घेतल्या होत्या. बोललो तर म्हणाला, पावसात जाईल की. खडू जाईल, उद्या कुणी रंग आणेल तो जाणार नाही.

मला जास्त खटकलं ते दुसरंच. सड्याला सातबाऱ्यावर पोटखराब म्हणतात, म्हणजे काही उगवत नाही अशी जागा. एकदा ती नोंद पडली की तिचं काहीही करायला माणूस मोकळा. चिरेखाण काढा, सुरुंगाने खड्डे पाडून बाहेरची माती भरा आणि कलमं लावा, रस्ता न्या. वास्तविक पहिल्या पावसानंतर याच सड्यांवर दिपकाडीची पांढरी फुलं येतात, श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं आणि गेंद फुलतात, आणि सड्यात मुरलेलं पाणी खालच्या वाड्यांच्या विहिरींना मिळतं. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मधोमध उभा माणूस कोरलेला आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये तेल शुद्धीकरण प्रकल्पासाठीच्या माती परीक्षणावरून तिथे रान पेटलं, तेव्हा कुठे उरलेल्या महाराष्ट्राला बारसू हे नाव कळलं. जमिनी बहुतेक खासगी, एकेका उताऱ्यावर नावांची रांग, निम्मे मालक मुंबईत. सरकारने जपायचं ठरवलं तरी सह्या कुणाच्या घ्यायच्या? उक्षीच्या गावकऱ्यांनी मात्र सरकारची वाट न पाहता आपल्या गावच्या कातळावरच्या हत्तीभोवती गडगा घातला आणि वरून पाहायला सोय केली. गोठण्याच्या माणसाला तेवढंही भाग्य नाही. परवा कुणी ट्रॅक्टर घातला तर अडवायला कोण आहे?

उतरताना काकांनी विचारलं, तुमी कुठना आलाव? वाशिम त्यांना माहीत नव्हतं. अकोल्याच्या पुढे म्हटल्यावर मान हलवली. मी जरा फुशारकी मारली. आमचं गाव म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. 1939 साली ताम्रपट सापडला तेव्हा राजघराण्याच्या आमच्या शाखेचा पत्ता लागला. राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं खोदवलं आणि तसा लेखही कोरून ठेवला. पंधराशे वर्षं झाली.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, खोदणाऱ्याचा नाव हाय काय त्याच्यात? मी म्हटलं, नाही, खोदवणाऱ्याचंच.

‘‘आनी तिकडं कसला कातळ?’’

‘‘काळा. बसाल्ट. जांभ्याच्या कितीतरी पट टणक.’’

पाखाडीच्या पायऱ्या उतरता उतरता त्यांनी थोडा वेळ हिशेब केल्यासारखं केलं. ‘‘म्हंजे तुमच्याकडं,’’ ते म्हणाले, ‘‘खोदणाऱ्यापरास हत्यारांना धार लावनारा जास्त कमवत असंल.’’